जँगोचा फॉर्म मोबाईलवर नीट कसा मांडायचा

जँगो म्हणजे पायथन भाषेत वेबसाईट बनवायची तयार चौकट. उदाहरणाला खरीप पेरणीआधी सोयाबीन बियाण्याची मागणी नोंदवणारा फॉर्म घेऊ. रकाने असे: शेतकऱ्याचं नाव, मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एक, गट नंबर, क्षेत्र, मोबाईल आणि सातबाऱ्याचा फोटो. परभणी किंवा हिंगोलीच्या एखाद्या गावात तो बहुतेक मोबाईलवरच भरला जाणार, तोही उन्हात उभं राहून. मांडणी त्या माणसासाठी करायची आहे. जँगो ५.० किंवा त्यापुढचं धरलं आहे. कोडमधली नावं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाईलमध्ये ती इंग्रजीतच टंकायची.

टेम्पलेटमध्ये (पानाचा एचटीएमएल साचा) दुहेरी महिरपी कंसात नुसतं «फॉर्म» लिहिलं की सगळे रकाने एकाखाली एक येतात. ५.० पासून ते «डिव»मध्ये (एचटीएमएलचा कप्पा) येतात, पूर्वी टेबलाच्या ओळींत येत. चाचणीपुरतं हे पुरतं. पण तीन गोष्टी जँगो स्वतःहून देत नाही: बाहेरचा फॉर्म टॅग, पाठवण्याचं बटण आणि «सीएसआरएफ_टोकन» (फॉर्म आपल्याच साईटवरून आल्याची गुप्त खूण). तिसरी विसरली तर बटण दाबताच ४०३ (परवानगी नाही) येतो.

मनासारखी मांडणी होईना म्हणून बरेच जण सगळे इनपुट टॅग हातानं लिहायला घेतात. तसं करू नका. एक रकाना चुकला की बाकीचे भरलेले मजकूर पुसले जातात, काय चुकलं तो संदेशही दिसत नाही, आणि वैतागलेला माणूस फॉर्म सोडून देतो. रकाना जँगोला बनवू द्या, रांगा आपण लावा. त्यासाठी «फॉर्म.गट_नंबर.ॲज_फील्ड_ग्रुप» असं लिहायचं. त्यातून लेबल, मदतीचा मजकूर, चुका आणि इनपुट असं सगळं त्याच क्रमानं येतं. मात्र त्याभोवती डिव येत नाही. तो आपण घालायचा आणि त्यालाच सीएसएसचा (पानाच्या सजावटीची भाषा) क्लास द्यायचा.

टेम्पलेटचा क्रम असा ठेवा: फॉर्म टॅग (मेथड पोस्ट, फोटो आहे म्हणून «एन्कटाईप», म्हणजे पाठवण्याची पद्धत, मल्टिपार्ट), टोकन, «नॉन_फील्ड_एरर्स» (कुठल्याही एका रकान्याच्या नसलेल्या चुका), मग एकेक रांग, शेवटी बटण. एन्कटाईप राहिला तर फोटो सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि भरलेला रकाना रिकामा असल्याची तक्रार येते. व्ह्यूमध्ये (फॉर्म स्वीकारणारा पायथनचा कोड) फॉर्मला «रिक्वेस्ट.पोस्ट»सोबत «रिक्वेस्ट.फाईल्स»ही द्यावं लागतं. «इझ_व्हॅलिड» (सगळं बरोबर भरलंय का ही तपासणी) खोटं आलं तर तीच फॉर्म वस्तू परत टेम्पलेटला द्या. नवा कोरा फॉर्म बनवून दिला तर चुका आणि मजकूर दोन्ही गेले.

आता क्षेत्र. इथं सर्वांत जास्त गोंधळ होतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बोलण्यात एकर-गुंठे. एकच दशांश रकाना ठेवला आणि कुणी १.२० भरलं, तर त्याच्या मनात एक एकर वीस गुंठे, म्हणजे ६० गुंठे असतात. पायथन मात्र १.२ एकर, म्हणजे ४८ गुंठे समजतो. बारा गुंठ्यांचं बियाणं गेलं. म्हणून एकर आणि गुंठे असे दोन पूर्णांक रकाने एकाच रांगेत ठेवा. गुंठ्याला कमाल ३९ द्या, आणि साठवताना एकर गुणिले ४० अधिक गुंठे असा एकच आकडा ठेवा. दोन्ही शून्य असतील तर «क्लीन»मध्ये (पूर्ण फॉर्म तपासणारं फंक्शन) चूक उभी करा. ही चूक एका रकान्याची नसल्यानं ती फक्त नॉन_फील्ड_एरर्समध्ये दिसते. टेम्पलेटमध्ये ती ओळ नसेल तर फॉर्म काहीच न सांगता परत येत राहतो.

गट नंबरला मात्र पूर्णांक रकाना नको. «१२३/२/अ» असे पोटहिस्से असतात, म्हणून «कॅरफील्ड»च (मजकुराचा रकाना).

पूर्णांक रकान्याला जँगो «नंबर» प्रकारचा इनपुट देतं, आणि देवनागरी आकडे कित्येक ब्राउझर त्यात घेत नाहीत. विजेट (रकान्याचा पानावर दिसणारा भाग) बदलून «टेक्स्टइनपुट» करा आणि «इनपुटमोड» न्यूमेरिक द्या, म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. «१२» लिहिलेलं पायथनचं «इंट» बिनतक्रार बारा वाचतं. कमाल-किमान मर्यादा सर्व्हरवर तशीच तपासली जाते.

मोबाईल नंबरात उलटा धोका आहे. पायथनच्या रेगेक्समधला (मजकुराचा नमुना तपासण्याची पद्धत) आकड्यासाठीचा «\डी» देवनागरी आकडेही मान्य करतो, त्यामुळे नंबर तसाच साठतो आणि इंग्रजी आकड्यांनी शोधला तर सापडत नाही. «क्लीन_मोबाईल»मध्ये (फक्त त्या रकान्याची तपासणी) प्रत्येक आकडा इंग्रजीत बदलून परत करा.

नावाची लांबी ठरवताना डोळ्यांवर विसंबू नका. «छत्रपती संभाजीनगर» यात डोळ्याला दहा अक्षरं दिसतात. पायथन काना, मात्रा, हलन्त आणि मधली जागा धरून १७ मोजतो. पूर्ण नावाला «मॅक्स_लेंग्थ» (कमाल लांबी) ३० ठेवलं तर आडनाव अर्धवट राहील, १५० ठेवा.

सीएसएसमध्ये ग्रिड (रांगा-स्तंभांची मांडणी) वापरा: मुळात एकच स्तंभ, ६०० पिक्सेलपुढे दोन. एकर-गुंठ्यांची जोडी मोबाईलवरही शेजारीशेजारीच राहू द्या. ग्रिडमधल्या डिवना «मिन-विड्थ» शून्य आणि इनपुटला रुंदी १०० टक्के द्या, नाहीतर लांब पर्यायांची जिल्ह्याची यादी पडद्याबाहेर जाते. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनवर रकान्याला हात लावताच पान मोठं होतं. ओळीची उंची १.५ च्या वर ठेवा. वेलांट्या आणि उकार कापले जाऊ नयेत.

सगळ्या रकान्यांची घडण एकदम बदलायची असेल तर जँगोचं «फील्ड.एचटीएमएल» आपल्या टेम्पलेट फोल्डरमध्ये «जँगो/फॉर्म्स» खाली ठेवा. «फॉर्म_रेंडरर» या सेटिंगला «टेम्पलेट्ससेटिंग» द्या आणि «जँगो.फॉर्म्स» इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये घाला. हे दुसरं राहिलं तर टेम्पलेट सापडत नसल्याची चूक येते. मदतीच्या मजकुराचा आयडी बदलू नका, पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यावरूनच मजकूर जोडतं.

फोटोबद्दल दोन गोष्टी. फॉर्म चुकीमुळे परत आला की फाईलचा रकाना रिकामाच येतो; ब्राउझर तो भरू देत नाही. म्हणून «फोटो पुन्हा निवडा» असं रकान्याखाली लिहा. आणि ४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे) दिसला तर जँगोत शोधत बसू नका: एनजिनएक्स या वेब सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी असते आणि मोबाईलचा फोटो सहज तिच्यावर जातो. «क्लायंट_मॅक्स_बॉडी_साईझ» ८ एमबी करा, आणि आकाराची तपासणी «क्लीन_फोटो»मध्येही ठेवा, म्हणजे भरणाऱ्याला चूक मराठीत कळेल.