डीपी रस्ता बांधताय? आधी मंजुरी घ्या

नागपूर महापालिका हद्दीत आरक्षित जागा देऊन त्यावरचा डीपी (शहर विकास आराखड्यातला) रस्ता स्वखर्चाने बांधणार असाल, तर मुरूम पडण्याआधी आयुक्तांची लेखी पूर्वमंजुरी घ्याच. युडीसीपीआर या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार बांधकामाचा मोबदला टीडीआरमध्ये, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कात मिळतो, पण पूर्वमंजुरी घेतलेल्या कामाचाच. मानेवाड्याकडे एकाने आधी डांबर टाकलं, मग अर्ज केला. फार वाईट वाटलं.

दुसरं, काम सुरू झाल्याची तारीख. त्या वर्षीच्या रेडीरेकनरचे (सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याचे) दर धरतात, म्हणून कार्यारंभाचं पत्र, थरागणिक टेप लावून काढलेले फोटो आणि मोजमापं सांभाळा. ठेकेदाराची बिलं कितीही फुगली, तरी हिशेब सरकारी दरानेच होतो. रस्ता सोपवताना सहीशिक्क्याची ताबापावती हातात घ्या, तोंडी ‘झालं’वर थांबू नका.