मृग लागायच्या आत जुनी गाडी नीट उभी करा

फियाट, अँबॅसेडर किंवा जुनी विलीज जीप सहा महिने ते दोन वर्षं उभी राहणार असेल, तर तयारीसाठी मे महिना धरा. आपल्याकडे मराठवाड्यात त्या दिवसांत हवा खणखणीत कोरडी असते, धुतलेली गाडी दोन दिवसांत सांदीकोपऱ्यापर्यंत वाळते, आणि बंद करताना आत ओल कोंडली जात नाही. हेच काम जुलैत केलं तर ओल गाडीसोबतच झाकली जाते. मृग लागायच्या आत सगळं उरकलं पाहिजे.

आधी जागा. रानातल्या शेडमध्ये गाडी लावायची असेल तर खताच्या गोण्या तिथून आधी हलवा. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात, आणि पोटॅशमधला क्लोराइड पत्रा मिठासारखाच खातो. कडब्याची गंज शेजारी नको; तिथे उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. माळवदाच्या खोलीत छतातून माती झडते आणि झडीच्या पावसात मातीचं पाणी टपावर ठिबकतं, म्हणून माळवदाखाली लावायचीच झाली तर वर कापड ताणून बांधा. पत्र्याचं शेड चालतं. फक्त वरच्या बाजूला दोन समोरासमोरचे झरोके हवेत, म्हणजे उन्हाळ्यात हवा खेळती राहते.

खाली काय आहे ते नीट बघा, कारण इथेच जास्त चुका होतात. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा देते. तिच्यावर थेट ठेवलेला स्टँड दसऱ्यापर्यंत तिरका होतो आणि गाडी एका अंगाला कलते. लाकडी ठोकळे ठेवले तर त्यांतून वाळवी चढते. जुन्या जीपला लाकडी फळ्या असतील तर ती तिथपर्यंत पोचते. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. तो नसेल तर मुरूम टाकून धुम्मसाने ठोकून घट्ट करा, त्यावर जाड प्लॅस्टिक अंथरा आणि प्रत्येक स्टँडखाली दोन फूट बाय दोन फुटांची जाड शहाबादी फरशी घाला.

मग धुणं. वरून चकाचक करण्यापेक्षा खालून धुण्याला जास्त वेळ द्या. मडगार्डच्या आतल्या दुमडीत आणि चासीच्या खाचांत काळ्या मातीचा चिखल घट्ट बसलेला असतो. वरून वाळलेला दिसला तरी आत तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो आणि पत्रा नेमका तिथूनच सडतो. लाकडी पट्टीने खरवडून काढा, मग पाण्याचा मारा करा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची बारीक भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. दोन दिवस उन्हात सगळी दारं, बॉनेट आणि डिकी उघडी ठेवा. रंगाला मेणाच्या पॉलिशचे दोन हात द्या, क्रोमच्या बंपरला आणि हबकॅपला व्हॅसलीनचा पातळ थर. दाराच्या रबरांवर टाल्कम पावडर चोळा, नाहीतर उष्णतेने ती पत्र्याला चिकटतात आणि दार उघडताना फाटतात.

धुतलेली गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आणा. ब्रेकमधलं पाणी उडतं, सायलेन्सर आतून वाळतो आणि इंजिन ऑइल गरम होतं. ते गरम असतानाच काढा. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. वर्षभर तेच राहिलं तर बेअरिंगवर डाग पडतात. "नंतर चालू करताना बदलू" असं म्हणू नका, आत्ताच बदला. नवा फिल्टर आणि 20-डब्ल्यू-50 मिनरल ऑइल घाला. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि स्टिअरिंगच्या सगळ्या निपलांना ग्रीसगनने ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

पेट्रोलचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि या गाड्या घडल्या तेव्हा असं इंधन कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, जिथून पेट्रोलची नळी ओढते. तीन महिन्यांसाठी गाडी उभी करायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरलेली ठेवा. आत हवा कमी राहिली की ओलही कमी शिरते. त्याहून जास्त दिवसांसाठी मात्र टाकी रिकामीच करावी. उघड्या जागी, बॅटरीची वायर काढून, पत्र्याच्या डब्यात काढा. प्लॅस्टिकची बादली नको, तिच्यावर साचणाऱ्या विजेची ठिणगी पडू शकते. आसपास विडी, चूल, मोटारपंपाचा स्टार्टर काही नको. काढलेलं पेट्रोल गाळून घरातल्या मोटारसायकलीत पंधरा दिवसांत संपवा. रिकाम्या टाकीत पाव लिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) ओता, गाडी हलवून ते सगळीकडे फिरवा आणि झाकण घट्ट लावा. नुसती कोरडी सोडलेली लोखंडी टाकी आतून गंजते आणि पुढे तो गंज पंपात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, जातो.

आता बॅटरी पुन्हा जोडून इंजिन चालू करा आणि कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. तेवढ्यात नवं ऑइलही बेअरिंगपर्यंत पोचतं. मग फ्लोट चेंबरचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या वाटीचं, झाकण उघडून तळाशी राहिलेले चार थेंब कापडाने टिपा. हे टिपणं टाळलेला कार्बोरेटर वर्षाने उघडला तर तळाला पांढरी भुकटी दिसते: ती कार्बोरेटरच्या मिश्रधातूची झीज. जेटवर तपकिरी चिकट थर असतो. आयडलच्या जेटचं भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, ते पूर्ण बुजलेलं असतं. तारेने कोरलं की भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. पेट्रोलची जुनी रबरी नळी फुगली किंवा मऊ पडली असेल तर इथेनॉल सोसणारी नवी बसवा.

चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाच्या चमच्याने एक चमचा, म्हणजे 5 मिली, इंजिन ऑइल सोडा आणि कॉइलची वायर काढून पुढच्या हँडलने इंजिन सात-आठ वेळा फिरवा. प्लग हातानेच परत लावा. दर दोन महिन्यांनी हँडलने दोन फेरे द्यायला घरच्या कोणाला तरी शिकवून ठेवा.

पण "आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेव" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लिटरभर पेट्रोल जळालं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन निघतं. लांब चाललेल्या गाडीत ती वाफ बाहेर जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापतच नाही, म्हणून पाणी तिथेच आणि ऑइलमध्येही साचतं. आतून सडलेले कितीतरी सायलेन्सर याच काळजीपोटी सडलेले असतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ठेवून गाडी बंद करू नका. मराठवाड्यातल्या बहुतेक बोअरचं पाणी जड आहे. त्याचे क्षार नळ्यांत दगडासारखे बसतात. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचे कॉक उघडून सगळं पाणी काढा, धुवा, आणि डिस्टिल्ड पाण्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कूलंट मिसळून भरा. रिकामा ठेवू नका; ओल्या भिंतीला हवा लागली की गंज चढतो.

ब्रेक ऑइलही पाणी शोषतं. पाणी शोषलेलं ऑइल व्हील सिलिंडरच्या तळाशी गंज धरवतं, पिस्टन अडकतो, आणि पुढे गाडी काढल्यावर एक चाक तापायला लागतं. डीओटी-3 चा नवा सीलबंद डबा घ्या आणि जुनं काढून नवं भरा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. प्रत्येक चाकाच्या निपलमधून नवं स्वच्छ ऑइल दिसेपर्यंत जुनं काढत राहा. हँडब्रेक सोडून ठेवा, नाहीतर ब्रेकचे शू ड्रमला धरतात. क्लचचं पेडल लाकडी पट्टीने दाबून ठेवा. तळापर्यंत नको, प्लेट फ्लायव्हीलपासून सुटेल इतकंच.

गाडी स्टँडवर घेताना मागे ॲक्सलखाली आणि पुढे खालच्या आर्मखाली (जीपला पुढेही ॲक्सलखाली) आधार द्या. चासीखाली दिला तर स्प्रिंगचे पाटे खाली लोंबतात आणि शॉकॲब्सॉर्बरचे दांडे उघडे पडून गंजतात. चाकं जमिनीपासून दोन बोटं वर पुरेत. स्टँड नसतील तर टायरमध्ये नेहमीपेक्षा दहा पौंड हवा जास्त भरा, पण टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका. दर महिन्याला गाडी पाव चाक पुढे ढकला.

बॅटरी काढून घरात ठेवा. काही जुन्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असतं, त्यामुळे नुसता रंग बघून वायर काढू नका. बॉडीला जी जोडली आहे ती आधी. 12 व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.4 च्या खाली जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात ती लवकर उतरते, म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करायची तारीख ठरवून टाका. लाइट येते-जाते अशा गावात चार्जर कायम जोडून ठेवणं धोक्याचं.

उंदीर पावसाळ्यात फार येत नाहीत. सोयाबीनची काढणी झाली, शेत रिकामं झालं की ते घराकडे वळतात, आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत खरा धोका. सीटमधला काथ्या त्यांना घरट्यासाठी आयता मिळतो, वायरीचं आवरण दात घासायला. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून पिल्लू उंदीर आत येतो. म्हणून काचा पूर्ण वर, एक्झॉस्ट आणि एअर क्लीनरच्या तोंडाला पाव इंची जाळीचा बोळा, पेडलच्या भोकांना रबर. सीटखालून शेंगदाण्याचं टरफल, बिस्किटाचा चुरा वेचून काढा. विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर दाराच्या पत्र्यात जाऊन मरतो आणि तो वास काढायला दार खोलावं लागतं. पिंजरे लावा, दर आठवड्याला बघा. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. उंदीर त्यांना जुमानत नाहीत, वास मात्र रेक्झिनमध्ये वर्षभर मुरतो. काचा बंद असल्यामुळे आत किलोभर सिलिका जेल कापडी पिशव्यांत ठेवा.

झाकायला मांजरपाटाची दुहेरी खोळ शिवून घ्या. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घाम सुटतो आणि वैशाखात ती रंगाला चिकटते.

कागदांत एकच बघा: 15 वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. मुदत गाडी उभी असतानाच संपत असेल तर ती तारीख आत्ताच लिहून ठेवा; अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या 60 दिवसांतच करता येतो. गाडी 50 वर्षांची आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचाही मार्ग आहे; तिला 20,000 रुपये लागतात आणि ती 10 वर्षं चालते, पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात घेता येत नाही. विमा चालू ठेवा. आग आणि चोरी उभ्या गाडीलाही लागते.

शेवटी स्टिअरिंगला पुठ्ठा बांधा आणि त्यावर ठळक लिहा: एक्झॉस्टला बोळा, एअर क्लीनरला बोळा, प्लग हाताने लावलेत, क्लचला पट्टी, हँडब्रेक सुटलेला, टाकीत टू-टी ऑइल. गाडी पुन्हा काढताना हे एकेक खोडत जा. टाकीतलं ऑइल काढून ताजं पेट्रोल भरा, पण लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढून आधी हँडलने आणि मग स्टार्टरने, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवा. मग प्लग बसवा.