क्रोबो पद्धतीचे काचमणी: भट्टीला दोष देण्याआधी

घानाच्या पूर्व भागात, ओडुमासे आणि सोमान्या या गावांभोवती क्रोबो लोक जुन्या बाटल्या कुटून मणी करतात. कृती ऐकायला सोपी आहे: काच कुटा, मातीच्या साच्यात भरा, भाजा, घासा, ओवा. म्हणूनच हौशी मंडळी पहिल्याच घाण्यात फसतात आणि मणी तडकला की भट्टीच्या नावाने बोटं मोडतात. बहुतेक वेळा तो मणी भट्टीत जाण्याआधीच बिघडलेला असतो.

पहिली चूक बाटली निवडतानाची. सरबताची बाटली साध्या सोडा-चुन्याच्या काचेची असते, ओव्हनमध्ये चालणारं भांडं पुष्कळदा बोरोसिलिकेटचं. तापल्यावर बोरोसिलिकेट साध्या काचेच्या निम्म्याहूनही कमी फुगतं. दोन्हींची पूड एका मण्यात गेली तर निवताना एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि तडा ठरलेलाच. रंगांसाठी वेगवेगळ्या बाटल्यांची भेळ करू नका. एकाच बिनरंगी काचेच्या पुडीत आच सोसणारा सिरॅमिकचा रंग मिसळा. क्रोबो कारागीरही हेच करतात. कुटताना आणि चाळताना मास्क हवाच, कारण ही धूळ छातीत जाते.

सगळ्यात जास्त निराशा होते ती मणी आरपार दिसत नाही म्हणून. लोक काच वस्त्रगाळ करतात, आणि काढतात तर मणी दुधाळ, खडूसारखा. यात बिघाड काहीच नाही. बारीक पुडीच्या कणांमधली हवा वितळताना अडकते, तिचे असंख्य बुडबुडे उजेड अडवतात. नक्षीच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या मण्याला बारीक पूडच लागते. आरपार मणी हवा असेल तर पूड नाही, काचेचे जाडसर तुकडे साच्यात भरायचे. त्याची वेज, म्हणजे ओवायचं भोक, आधी ठेवत नाहीत. काच मऊ असतानाच साच्यात टोकदार सळई खुपसून, मणी फिरवत फिरवत वेज पाडतात. हे हात बसल्याशिवाय जमत नाही, सुरुवात पुडीच्या मण्यानेच करा.

पुडीच्या मण्यात वेजेसाठी कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात. (कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचं झाड.) देठ जळून जातो, भोक उरतं. देठ नाही म्हणून नुसती तार खोचली तर काच तिला चिकटते. तार वापरायचीच असेल तर तिला केओलिनचा (पांढऱ्या चिनी मातीचा) लेप देऊन तो पुरता वाळू द्या. साच्यालाही तोच लेप लागतो. एका खळीत लेप उडालेला राहिला की त्या खळीतला मणी फोडूनच काढावा लागतो. आणि पूड काठोकाठ भरा. वितळताना ती खाली बसते, अर्ध्या भरलेल्या खळीतून चपटी टिकली निघते.

आचेचं सांगायचं तर साधारण ६५० ते ८५० अंश. मणी खडीसाखरेसारखा रवाळ निघाला, नखाने कण सुटले, तर आच कमी पडली. नक्षी पसरून एकमेकांत मिसळली तर जास्त झाली. साचा बाहेर काढून पंख्याखाली ठेवू नका, पाणी तर लांबच. मणी साच्यातच हळूहळू निवू द्या.

एक वेगळाच घोटाळा खरेदीत होतो. जुन्या बाजारात ‘आफ्रिकन मणी’ म्हणून मिळणारे, फुलाफुलांच्या ठशांचे मणी पुष्कळदा व्हेनिसचे असतात. तिथे ते आफ्रिकेशी व्यापार करण्यासाठी घडवले जात. साच्यात त्यांची नक्कल करायला बसलात तर पुडीने ती साधणार नाही. ती काचेच्या कांड्या कापून केलेली नक्षी आहे.

मणी छान निघाला तरी माळ दोन दिवसांत तुटते, याचं कारण वेजेची कड. भाजलेल्या काचेची ती कड ब्लेडसारखी असते. क्रोबो मणी दगडावर वाळू-पाणी घालून घासतात. आपण बाहेरून चकाकी आणतो आणि तोंड तसंच सोडतो. ओवण्याआधी कापसाची वात वेजेतून ओढून पाहा. तंतू अडकले, तर मणी परत दगडावर.