लेझर कॉलिमेटर आधी स्वतः सरळ आहे का?

न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीचे आरसे जुळवायला स्वस्त लेझर, म्हणजे लेझर कॉलिमेटर, घेतला, तर आधी त्याचीच परीक्षा घ्या. आतला प्रकाश देणारा डायोड तिरका बसलेला असला तर तुम्ही आरसे मन लावून चुकीच्या जागी नेता.

ही परीक्षा फोकसरमध्ये (दुर्बिणीच्या आयपीस बसवायच्या नळीत) घेऊ नका; तिथला सैलपणा आणि लेझरचा दोष एकमेकांत मिसळतात. एका फळीवर खिळ्यांच्या दोन जोड्या इंग्रजी व्हीसारख्या तिरक्या ठोका, त्या खाचेत लेझर ठेवा आणि ५ मीटरवरच्या भिंतीवर कागद चिकटवा. आता लेझर पुढेमागे न सरकवता जागेवरच गोल फिरवा. ठिपका जागचा हलला नाही तर उत्तम. वर्तुळ काढत असेल तर त्याचा मध्य कागदावर खुणावा आणि अंगावरचे तीन बारीक स्क्रू (बहुधा रबरी गोंदाखाली दडलेले) पाव-पाव फेरा फिरवत ठिपका मध्यावर आणा. वर्तुळ ३-४ मिमीवर आलं की पुरे. लेझरच्या किंवा आरशातून परतणाऱ्या किरणात थेट डोळा घालू नका.

लेझर दुय्यम (छोट्या, तिरक्या) आरशासाठी ठीक. मुख्य आरशाला मात्र आमची पसंती चेशायर आयपीसला (छिद्रातून बघून आरसे जुळवायची साधी नळी): बॅटरी नाही, बिघडायला फारसं काही नाही. आरशाच्या मध्यावर कडीची खूण हवीच. एफ/५ला (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) कोमामुक्त भाग, म्हणजे जिथे तारे शेपटीसारखे ताणलेले दिसत नाहीत तो, जेमतेम पावणेतीन मिमीचा, एफ/८ला सुमारे ११. त्यामुळे एफ/५वाल्यांनी टंगळमंगळ करू नये. शेवटची खात्री ध्रुवताऱ्यावर: जास्त वर्धनात किंचित धूसर करा, ताऱ्याच्या प्रकाशाच्या कड्या एककेंद्री दिसल्या पाहिजेत.