गप्पीच्या पिल्लांसाठी बाटलीतलं क्लोरेला

गप्पी माशांची पिल्लं डॅफ्नियावर, म्हणजे पाण्यातल्या बारीक जिवांवर पोसतात आणि डॅफ्निया हिरव्या पाण्यावर. म्हणून सुरुवात पाण्यापासून. मी सांगलीत गच्चीखालच्या खोलीत पाच लिटरच्या बाटल्यांत क्लोरेला वाढवतो. या एकपेशीय शेवाळाची एकेक पेशी जेमतेम दोन ते दहा मायक्रॉनची असते.

विरजण, म्हणजे सुरुवातीला घालायचं क्लोरेलाचं पाणी, मात्र खात्रीचं हवं. तळ्यातलं हिरवं पाणी आणलंत तर त्यात काय काय असेल सांगता येत नाही. पाणी उकळून पूर्ण गार करा. चार लिटर पाण्याला एक लिटर विरजण घाला आणि अर्धा ग्रॅम एकोणीस-एकोणीस-एकोणीस विरघळवा, तेच ठिबकमधून सोडायचं खत. एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, तोंडावर कापड बांधा. बाटली उत्तरेच्या खिडकीत ठेवा. एप्रिलमध्ये मी एक गच्चीवर ठेवली होती. दुपारपर्यंत पाणी चहासारखं तापलं आणि दोन दिवसांत सगळं पांढुरकं पडलं.

आठवडाभराने स्टीलचा चमचा आत बुडवा. चार बोटं खाली जाताच दिसेनासा झाला, की माल तयार. पाचातले चार हिस्से काढा, उरलेला पुढचं विरजण.

डॅफ्नियाची जाळी या बाटल्यांजवळही नेऊ नका. ओल्या जाळीला चिकटून माझ्याकडे एकच मादी आत गेली. डॅफ्नियाला नराची वाट बघावी लागत नाही! दोन-तीन आठवड्यांत बाटली नितळ, आणि आत ही सगळी फौज.

क्लोरेलातून तेल निघतं का असं विचाराल, तर खत तोडलं की क्लोरेला तेल साठवतं. ऊसवाल्यांना हे पटकन कळतं: उशिरा युरिया पडला की साखरेचा उतारा घसरतो, नत्र संपत आलं की साखर भरते. तशीच ही पेशी नत्र संपलं की वाढ थांबवून तेल धरते, रंग पिवळट होतो. पण घरच्या पाच लिटरमधून सुका माल एक-दोन ग्रॅम. त्यातल्या तेलात दिव्याची वातही भिजायची नाही. डॅफ्नियासाठी गडद हिरवंच वापरा. आणि आरोग्याच्या नावाखाली हे स्वतः पिऊ नका, बाटलीत दुसरं कुठलं शेवाळ शिरलंय ते डोळ्यांना कळत नाही.

डॅफ्नियाच्या टबात पाणी पोपटी दिसेल इतकंच ओता. दुसऱ्या दिवशी तळ स्वच्छ दिसला तर पुन्हा ओता, नाहीतर थांबा.