लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट हाती आल्यावर या चुका टाळा

सावजी रश्श्यावर तर्री तरंगते, कारण तेल पाण्यात मिसळत नाही. रक्तही बहुतांशी पाणीच. म्हणून आतड्याच्या पेशी पचलेली चरबी प्रथिनांच्या वेष्टणात बांधून मगच पुढे पाठवतात. या गाठोड्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. यकृतही अशीच गाठोडी बांधतं. व्हीएलडीएल हे गाठोडं तिथूनच निघतं, वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना ट्रायग्लिसराइड्स (म्हणजे साधी चरबी) देत रिकामं होतं, आणि उरतं ते कोलेस्टेरॉलने भरलेलं एलडीएल, ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात. रिपोर्टमध्ये दिसतं ते या गाठोड्यांतलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड्स.

रात्री उशिरा सावजी, पहाटे रक्त. कायलोमायक्रॉन रक्तातून पुरते हटायला बारा तासांपर्यंत लागतात. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्सा वजा. (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) एकूण २२०, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १५० असतील तर एलडीएल १५० येतं. जेवणामुळे ट्रायग्लिसराइड्स ३०० झाले, तर तेच १२० दिसतं. म्हणजे तर्री खाऊन रिपोर्ट चांगला आला, असा खोटा दिलासा! ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले तर हे सूत्र वापरतच नाहीत. ते जास्त आले असतील तर रात्रभर उपाशी राहून तपासणी पुन्हा करा. शंका असेल तेव्हा एकूणमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा बघा, त्याला उपाशीपोटाची अट नाही.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून तेलाचा पिपा उचलणं. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. बघायचं ते संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) किती, हे. ती जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल कमी उचलतं.

तेल बंद, गोड चालू. माझ्या मावशीने फोडणीसुद्धा सोडली होती, पण संत्रा बर्फी आणि दिवसातून पाच वेळा गोड चहा तसाच. जास्तीच्या साखरेपासून यकृत चरबी बनवतं आणि व्हीएलडीएलमध्ये भरून रक्तात सोडतं. तिचे ट्रायग्लिसराइड्स उतरले ते साखर कमी केल्यावर.

आकडा सुधारला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) बंद करणं. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण आमच्या घरातच झाली. बाबा म्हणाले, “आता नॉर्मल आहे ना, मग कशाला?” शरीर कोलेस्टेरॉल जाळून ऊर्जा काढू शकत नाही. त्याची बाहेर जाण्याची मुख्य वाट एकच, यकृतातून पित्तात. एलडीएल रक्तातून पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखतं, मग यकृत जास्त ग्राहक बाहेर काढून रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी येतो. बाबांचाही आला. अंग दुखतंय असं वाटलं तरी डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्या, परस्पर बंद करू नका.

पित्तातली बहुतेक आम्लं आतड्यातून यकृताकडे परत येतात. जवस, इसबगोल, ओट्स यांतला चोथा त्यांतली काही शौचावाटे बाहेर नेतो, आणि नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. आजीची जवसाची चटणी रोज ताटात असू द्या, फक्त तिला गोळीच्या जागी बसवू नका.

एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तर दोष निव्वळ खाण्याला देऊन थांबू नका. थायरॉइड तपासा. ते ठीक निघालं तर हा दोष आनुवंशिक असू शकतो, तेव्हा भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्या.