प्रकाशतंतूच्या (ऑप्टिकल फायबरच्या) साहाय्याने किरणोत्सर्गाची मात्रा दुरून मोजताना
प्रकाशतंतूच्या टोकाला कार्बनमिश्रित ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बारीक स्फटिक बसवून त्यावर काळे आवरण चढवावे, कारण उजेड लागला की स्फटिकात साठलेली किरणांच्या मात्रेची नोंद पुसली जाते. किरणे देऊन झाल्यावर किरणांच्या खोलीच्या भिंतीपलीकडून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर तंतूत सोडावा. उलट येणारा सुमारे ४२० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्रेनुसार कमीजास्त होतो. हिरवा प्रकाश गाळणीने अडवावा, नाहीतर हा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. किरणे चालू असताना तंतूच चेरेन्कोव्ह प्रकाशाने (वेगवान भारित कण तंतूतून जाताना निघणाऱ्या निळसर चमकेने) उजळतो, म्हणून वाचन नंतरच घेणे बरे. ज्ञात मात्रेवर अंशांकन (वाचनाचा मात्रेशी मेळ घालणे) आधी करावेच. गोव्यात खरी डोकेदुखी पावसाळ्याची: दमट हवेत जोडणीच्या टोकांवर बाष्प धरते, तेव्हा ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, टोपण लावून, सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवावीत.